सातबारा आबांचा, टेबल माझं

पुण्यातल्या शेतकरी आठवडे बाजारात टेबल कसं मिळवलं, हे आमच्या गटातल्या बायका सारख्या विचारतात. एकदाच नीट लिहून टाकते.

आम्ही पुरंदरचे. अंजीर, सीताफळ आणि मधल्या दिवसांत मेथी, कोथिंबीर, वाटाणा. माल वर्षानुवर्षं गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायचा. रात्री टेम्पो भरायचा, पहाटे विक्री, आणि दुपारपर्यंत आबा, म्हणजे माझे सासरे, खिशात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घालून घरी. पट्टीवर हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन खाली जो आकडा राहायचा त्यावर घरात कुणी बोलायचं नाही. फळं-भाजीपाला 2016 मध्ये नियमनमुक्त झाला. शेतकऱ्याने शहरात थेट विकायला बाजार समितीची आडकाठी राहिली नाही. पणन मंडळाचे आठवडे बाजारही त्याच सुमाराला वाढले. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण घाट उतरून गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं कुणी, हा प्रश्न होता. मी म्हटलं, मी राहते.

कोथरूडकडचा एक बाजार शेतकरी उत्पादक कंपनी चालवते असं कळलं, म्हणून तिथे गेले. नोंदणी करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न, "जमीन कुणाच्या नावावर?" आबांच्या, म्हटलं. "मग त्यांना पाठवा." आबांचे गुडघे गेलेत. ते सहा तास उभे राहायचे नाहीत, आणि भाव सांगताना तर अजिबात नाही. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं की ते निम्म्यात देऊन टाकतील.

राग आला खरा, पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मार्केट यार्डातून घाऊक माल उचलायचा आणि इथे "आमच्या शेतातला" म्हणून विकायचा, असे लोक या बाजारांत घुसतात. मग खऱ्या शेतकऱ्याच्या टेबलाला अर्थ उरत नाही. त्रास एवढाच की चाळणी लावायची ती सातबाऱ्याची, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचितच असतं. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावायची लक्ष्मीमुक्ती योजना आहे, पण आमची जमीन नवऱ्याच्याही नावावर अजून आलेली नाही.

शेवटी जमलं ते असं. आबांचा डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, त्यांचं आधार, माझं आधार, दोघांची नावं असलेलं रेशनकार्ड, आणि "माझी सून माझा शेतमाल विकेल" असं आबांनी साध्या कागदावर लिहून दिलेलं संमतीपत्र. त्यावरही एक खोच निघालीच. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत अंजीर आणि सीताफळ होतं, मेथीचं नावच नाही. महिन्याभरात निघणारी पालेभाजी ई-पीक पाहणीच्या ॲपवर नोंदवायची कुणाला आठवण राहते? मग कंपनीचा एक पोरगा गावात येऊन वाफे बघून गेला. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला चहा दिला आणि जाताना मेथीच्या जुड्याही दिल्या. माझ्या मते सगळ्या कागदांपेक्षा त्या जुड्यांनी जास्त काम केलं.

वजनकाट्याचं मात्र सरळ होतं. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळून घ्यायचा आणि प्रमाणपत्र जवळ ठेवायचं. पुणेकर ते वाचतात, आणि वाचून झाल्यावर काटा शून्यावर आहे का तेही बघतात.

खरी मेहनत कागदांनंतर सुरू झाली. यार्डात अंजिराची पाटी जशी भरली तशी जायची. इथे प्रत्येक फळ डोळ्यांखालून घालायचं. देठापाशी चीक वाळलेला, साल किंचित सुटलेली, दाबलं तर बोट रुतणार नाही पण जाणवेल, असंच फळ वरच्या थरात, खाली अंजिराचीच पानं. जरा जास्त पिकलेलं घाटाच्या वळणांत फुटतं आणि शेजारच्या चार फळांना ओलं करतं. सीताफळाचं तेच. डोळे उघडलेलं, पण कडक असलेलं फळ नेलं तर गिऱ्हाईक विचारतं, "हे कधी खायचं?" परवा, म्हणते. आजचं आणि परवाचं असे दोन ढीग वेगळे लावल्यापासून तो प्रश्न थांबला.

"मधला माणूस गेला की शेतकऱ्याला सगळे पैसे," असं लोक म्हणतात. मधला माणूस कुठेही गेला नाही, तो आता मीच आहे. निवडणं, भरणं, टेम्पो, जागेचं भाडं, सुटे पैसे, घासाघीस, सगळं माझ्याकडे आलं. पैसे बरे सुटतात, अंजिरात तर नक्कीच. मेथीत दर आठवड्याला सुटतीलच असं नाही. पाऊस आला की बाजार अर्ध्यात उठतो, आणि उरलेल्या जुड्या घाटावर परत नेण्यात अर्थ नसतो. त्या मी जवळच्या एका खानावळीला यार्डाच्याच भावात देते.

क्यूआर कोड माझ्या खात्याचा लावलाय. आबांनी एकदा विचारलं, "पैसे दिसतात कुठं?" मोबाइल दाखवला. त्यांनी पट्टी मागितली. आता रात्री वहीच्या पानावर लिहून देते: माल, भाव, खर्च, शिल्लक.

कुणाला अर्ज करायचा असेल तर आधी ई-पीक पाहणीत पालेभाजीचा वाफा नोंदवा, फळबाग असली तरी. आणि संमतीपत्र घरातल्या माणसाचा मूड चांगला असताना लिहून घ्या.