डाव्या पायाची नोकरी

मागच्या रविवारी बायकोची अ‍ॅक्टिव्हा घेऊन दही आणायला गेलो होतो. येताना सात रस्ता चौकात समोरचा रिक्षावाला अचानक थांबला आणि माझ्या डाव्या हाताने गेली चोवीस वर्षं जे केलंय तेच केलं, क्लच दाबला, पूर्ण, एका दमात. आता अ‍ॅक्टिव्हाला त्या जागी क्लच नसतो, ब्रेक असतो. मागचं चाक चर्रर्र करून जागच्या जागी, गाडी तिरकी, हुकाला अडकवलेली दह्याची पिशवी गुडघ्यावर आपटून फुटली. आणि या सगळ्या गोंधळात डावा पाय काय करत होता तर पायाखालची रबरी मॅट दाबत होता, गिअर कमी करायला. मागच्या गाडीवरचं पोरगं शेजारून जाता जाता म्हणालं, काका, नवीन शिकायलाय का?

काय सांगणार त्याला.

दही सांडल्याचं दुःख नव्हतं, बायको काय म्हणेल ती भीती वेगळी, पण घरी येईपर्यंत मी डाव्या पायाचाच विचार करत होतो. बिचारा. बाकी दिवसभर त्याला काही काम नसतं, मी सगळं उजव्यानेच करतो, फुटबॉल कधी खेळलो नाही, शिलाई मशीन चालवत नाही. त्याला आयुष्यात एकच नोकरी मिळाली, गिअर टाकायची, आणि अ‍ॅक्टिव्हावर बसलं की तीही जाते. दोन्ही पाय पुढे मांडून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. आरामाचं आहे हो, नाही कोण म्हणतंय, पण मला त्या गाडीवर पाहुण्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं.

मी शिकलो बाबांच्या स्प्लेंडरवर. 2000 सालचा उन्हाळा, होम मैदान. गड्ड्याची यात्रा उठून गेली की ते मैदान पोरांचं, क्रिकेट एका बाजूला आणि गाडी शिकणारे दुसऱ्या बाजूला, आणि सकाळी सहाला जायचं कारण नऊनंतर सोलापूरचं ऊन कुणाला काही शिकू देत नाही. बाबा मागे कॅरिअर धरून पळत होते. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद. परत किक. परत उडी. दहाव्या वेळेला बाबा दम खात म्हणाले, "अरे बटन दाबल्यासारखा काय सोडायलास, मांजाला ढील देतो तसा दे की." हे एकदम डोक्यात शिरलं. क्लच हळू हळू सोडत गेलो आणि एका जागी हँडल जरा थरथरलं, इंजिनचा आवाज खाली बसला, गाडी मागून किंचित दबली, जणू ती पण तयार झाली. बोटाच्या पेरभर जागा असेल ती. तिथे थांबायचं, थोडी रेस द्यायची, मग बाकीचा सोडायचा. गाडी निघाली. बाबा मागे राहिले ते मला कळलंच नाही आणि थांबवायचं कसं ते तर अजून शिकवलंच नव्हतं, तो भाग सांगत नाही.

स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबायचे. फर्स्ट पुढे, सेकंड पुढे, सगळे पुढेच, कमी करायचे तर मागची पट्टी टाचेने दाबायची. थांबल्यावर चौथ्यातून अजून एकदा पुढे दाबलं की सरळ न्यूट्रल. इतकी समंजस गाडी. त्यामुळे कॉलेजात मित्राने नवी कोरी पल्सर हातात दिली तेव्हा घोळ झाला, तिचा एक खाली, बाकीचे वर. विजापूर रोडला मस्त थर्डमध्ये चाललोय, वाटलं फोर्थ टाकावा, पाय सवयीने पुढे दाबला, आणि पडला सेकंड. गाडीने असा गचका दिला की मागे बसलेला मित्र माझ्या पाठीवर येऊन आदळला. "काय बे, मारतो का काय!" पुढचा महिनाभर मी दोन गाड्यांच्या मध्ये दोन भाषा बोलल्यासारखा जगत होतो. आता सोलापूरकराला दोन भाषांचं काय, आम्ही घरात मराठी, दुकानात कन्नड आणि गल्लीत तेलुगू ऐकत मोठे होतो, तरी पाय काही लवकर शिकला नाही.

आणि बुलेटवाल्यांची तर तिसरीच. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि फर्स्ट वर, बाकीचे खाली. न्यूट्रल शोधायला वेगळी छोटी पट्टी. खरं तर पायाने गिअर टाकायची पद्धत पण काही देवाने दिलेली नाही, आधी टाकीजवळ हाताने ओढायची दांडी असायची. 1920 च्या दशकाच्या शेवटाला व्हेलोसेट नावाच्या ब्रिटिश कंपनीने असा पायाचा गिअर आणला की एकदा दाबलं की एकच गिअर बदलणार आणि लिव्हर परत मधे येणार. तेव्हापासून हे काम पायाकडे आलं, पण ब्रिटिश गाड्यांत उजव्याकडे. डाव्या पायाची नोकरी पक्की झाली ती नंतर, अमेरिकेने सत्तरच्या दशकात गिअर डावीकडेच पाहिजे असा नियम केला त्याच्या आसपास. म्हणजे आमच्या पायाचं खानदान फार जुनं नाही. चेतकवर तर हे काम डाव्या मनगटाकडे होतं, क्लच दाबून अख्खी मूठच फिरवायची, आणि आता चेतक नावाने जी इलेक्ट्रिक मिळते तिच्यात ना मूठ फिरते ना पाय हलतो.

हे पायाचं प्रकरण मी पहिल्यांदा बघितलं ते मात्र गाडीवर नाही. आम्ही तेव्हा साखर पेठेत राहायचो. सगळीकडे यंत्रमाग, दिवसरात्र खडखड, पाहुणे आले की त्यांना झोप यायची नाही आणि आम्हाला गावाला गेलं की शांततेने झोप यायची नाही. पण शेजारच्या ताताकडे (तेलुगूत आजोबांना ताता) एक जुना हातमाग उरला होता, खड्ड्यातला. ताता खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायाखाली लाकडी पट्ट्या, एक दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर, आणि मधून उजव्या हाताने दोरी ओढली की धोटा सटकन इकडून तिकडे. डाव्या हाताने फणी ठोकायची. मी तिथे तासन्‌तास बसायचो. एकदा विचारलं, ताता, आता कुठला पाय दाबला? त्यांनी खाली बघितलं, आणि चुकले. धागा तुटला. माझ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलले ते चांगलं नव्हतं हे भाषा न येता पण कळलं.

तेच गिअरचं आहे. चालत्या गाडीवर मला कुणी विचारलं आता कितव्यात आहेस, तर मला सांगता येत नाही. पायाला माहीत असतं. इंजिन जरा किंचाळायला लागलं, मांड्यांना टाकी झिणझिणायला लागली, की मी ठरवायच्या आधीच डावा हात आत, उजवी मूठ ढिली, पाय वर (माझ्या आताच्या गाडीचे गिअर पल्सरसारखे, एक खाली, बाकीचे वर), खट्ट. ही तिन्ही कामं एका झटक्यात, मधे कुणी कुणाला विचारत नाही. आणि चांगला जमलेला गिअर असेल ना, म्हणजे मागे बसणाऱ्याची मान हलली नाही असा, तर त्याचं सुख दिवसभर पुरतं. ऑफिसात कुणी कौतुक करत नाही ते सोडा, शंभर मीटरमध्ये तीन वेळा स्वतःच स्वतःचं करून घेता येतं.

आत काय चालतं ते मला मिस्त्रीने एकदा उघडून दाखवलं होतं. मला वाटायचं गिअर टाकला की चाकं एकमेकांत येऊन अडकतात. तसं नसतं. गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात, फिरत असतात, पण प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरतं, आपला पाय एक खाचा पाडलेला ड्रम थोडासा फिरवतो, त्या खाचेतून एक चिमटा सरकतो आणि शेजारचं चाक ढकलतो, त्याच्या बाजूचे जाडजाड दात मोकळ्या चाकात बसून त्याला कामाला लावतात. तो दात बसतो तोच खट्ट. क्लचचं काम एवढंच की त्या क्षणी इंजिनचा जोर बाजूला ठेवायचा.

हे कळल्याचा उपयोग पुढे अक्कलकोट रोडवर झाला. स्वामींचं दर्शन घेऊन एकटाच परत येत होतो, वळसंग यायच्या आधी क्लच दाबला आणि लिव्हर अशी सैल हातात आली, वायर तुटली. चूक माझी, त्या वायरला तेल कधी दिलं होतं ते मला आठवत नव्हतं. मे महिना, दुपारचे दोन, रस्त्याला सावली नाही, सोलापूर अजून वीस-पंचवीस किलोमीटर. मग मिस्त्रीची शिकवण आठवली. गाडी न्यूट्रलमध्ये चालू केली, हँडल धरून पळालो, उडी मारून बसलो आणि हळूच फर्स्ट दाबला, गचका बसला पण निघाली. पुढचे गिअर त्याहून सोपे. पायाने लिव्हरला आधीपासून हलका ताण देऊन ठेवायचा आणि मूठ एक क्षण सोडायची, बस, दातांवरचा जोर निघाला की गिअर आपला आपण सरकतो. क्लचशिवाय. खरं सांगतो त्या दिवशी पायाला जेवढं कळलं तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं. एमआयडीसी आल्यावर मात्र रडू आलं, कारण थांबायचं नाही असं ठरवून सोलापुरात कुणी गाडी चालवू शकतं का, म्हैस आहे, रिक्षा आहे, मधेच थांबून गप्पा मारणारे आहेत. तीन वेळा थांबलो, तीन वेळा पळालो, शर्ट पिळता आला असता.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर गावात गिअरची गाडी चालवणं हा शुद्ध त्रास आहे. नवी पेठेत संध्याकाळी जा. फर्स्ट, सेकंड, फर्स्ट, हाफ क्लच, पाय खाली, परत फर्स्ट. डाव्या हाताचा पंजा दुखून येतो. आणि सिग्नलला न्यूट्रल. त्रेचाळीस डिग्रीत डोकं हेल्मेटमध्ये उकडतंय आणि आपण खाली मीटरवर न्यूट्रलचा हिरवा दिवा शोधतोय, फर्स्टमधून हलकं वर उचललं तर सेकंड, सेकंडमधून दाबलं तर फर्स्ट, मधे अर्ध्या पावलावर तो न्यूट्रल बसलेला असतो आणि सापडतो कधी तर सिग्नल सुटायला दोन सेकंद राहिले की. शेजारी अ‍ॅक्टिव्हावाली बाई निवांत ओढणी सारखी करत असते. तिच्या गाडीत पट्टा आणि छोटे रोलर आहेत, वेग वाढला की रोलर आपोआप बाहेर सरकतात, पट्टा वर चढतो, गिअर बदलल्याचं ना तिला कळतं ना गाडीला. इलेक्ट्रिकला तर तेही नको, मोटर पहिल्या फेरीपासूनच जोर देते. परदेशातल्या मोठ्या गाड्यांमध्ये होंडाने 2010 मध्येच दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि आता तर क्लच गाडीच दाबणार, आपण फक्त पायाने गिअर टाकायचा, अशीही सोय काढली आहे. म्हणजे डाव्या हाताला ऐच्छिक ठेवलं. वाईट वाटलं थोडं.

माझ्या डाव्या पायाच्या नोकरीचा पुरावा बुटावर असतो. लिव्हरखाली पंजा घालून वर उचलायचं म्हणजे डाव्या बुटावर अंगठ्याच्या वर काळा पट्टा पडतो, उजवा बूट नवा आणि डावा सात वर्षांचा वाटतो. बूट शिवणारे काका नुसता बूट बघून म्हणाले होते, गिअरची गाडी हाय वाटतं. तर गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या लग्नासाठी पांढरे बूट घेतले. बायकोने आधीच सांगून टाकलं, "लग्न होईपर्यंत हे घालून तुमच्या गाडीवर बसायचं नाही." ठीक आहे. लग्न तुळजापूरला होतं. बूट पिशवीत घातले, पायात चप्पल घातली आणि निघालो दोघं, माझ्याच गाडीवर, कारण सोलापूरच्या माणसाच्या नशिबात घाट म्हणजे तेवढाच एक, तो अ‍ॅक्टिव्हावर चढायचा म्हणजे पुरणपोळी तुपाशिवाय. हिप्परग्याचं तळं गेलं, तामलवाडी गेली, घाट लागला. सेकंड टाकला तर नंतर थर्डला चप्पलच्या अंगठ्याने लिव्हर परत उचलावी लागणार, ते दुखतं, म्हणून मी थर्डमध्येच रेटत होतो. गाडीला दम लागला, इंजिन ठक ठक करायला लागलं, वळण आलं तरी मी ओढतोच आहे.

मागून खांद्यावर बोट टोचलं. जिला गिअरची गाडी म्हणजे डोकेदुखी वाटते, जिने आयुष्यात कधी क्लच दाबला नाही, ती म्हणाली, "अहो सेकंड टाका की, किती रडायलीय ती."

टाकला.