तिवंध्याजवळच्या वाड्यात चार दिवस: जुनं नाशिक, राहायला म्हणून

ठाण्यात एकोणिसाव्या मजल्यावर राहायला येऊन आम्हाला सात वर्षं झाली आणि ह्या सात वर्षांत मी खिडकीतून कोणालाही हाक मारलेली नाही. हे कधी लक्षातही आलं नसतं, पण डिसेंबरात लेकाला घेऊन जुन्या नाशकात, तिवंधा चौकाजवळ, आत्याकडे चार दिवस राहून आले आणि तिथे दिवसभर नुसत्या हाकाच हाका. दूधवाला खालून ओरडतो, आत्या सज्ज्यातून दोरीला बांधलेली टोपली सोडते, पिशव्या वर येतात, पैसे महिनाअखेरीला. भाजीवालीचंही तेच. समोरच्या काकूंना "कुकर बंद करा हो, पाच झाल्या" हे आत्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून सांगते, आणि काकू खरंच बंद करतात.

परत आल्यापासून दोघी-तिघींनी विचारलं की तिकडे जायचं असेल तर कसं काय, एकीला तर चक्क भाड्याने राहायचंय, वर्क फ्रॉम होम असल्यामुळे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पोचायचं. मुंबई-ठाण्याहून संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस सगळ्यात बरी, पण नाशिकरोड स्टेशन आणि जुनं गाव ह्यात नऊ-दहा किलोमीटर अंतर आहे हे लक्षात ठेवा, उतरलं की नाशिक आलं असं नसतं. सिटीलिंकच्या बस आहेत, शेअर रिक्षा मिळते, शालिमारपर्यंत या आणि पुढे चालत. गाडी आणू नका. खरंच आणू नका. आमच्या रिक्षावाल्याने मेन रोडच्या तोंडाशीच "ताई, आत आता तुम्हीच जा" म्हणून सोडलं, मग मी ती चार चाकांची मोठी बॅग ओढत निघाले आणि दुसऱ्याच वळणावर गटाराच्या जाळीत एक चाक अडकून निखळलं. सॅक आणा, पाठीवरची.

कोणी लोकल माणूस "आरके" म्हणाला तर तो रविवार कारंजा. आणि "गंगेवर जाऊन येतो" म्हणाला तर तो गोदावरीवर चाललाय, काशीला नाही. माझ्या लेकाला हे कळायला दोन दिवस लागले.

आता वाडा. मोठ्या दरवाज्याच्या पोटात एक छोटा दिंडी दरवाजा, रोजची ये-जा त्यातूनच, आणि पहिल्याच मिनिटाला माझं कपाळ चौकटीवर आपटलं. आत्या म्हणाली, "वाक गं, चोरानेसुद्धा वाकूनच आत यावं म्हणून केलंय ते." आत चौक, चौकात तुळस, कोपऱ्यात आड (आता जाळी टाकलीय), चारी बाजूंनी ओसरी, वर माडी. एकूण दोनच मजले. भिंती इतक्या जाड की लेक खिडकीच्या कट्ट्यावर आडवा होऊन वाचत पडायचा. ह्याच जाडीमुळे माजघरात मोबाइलला रेंज नाही, फोन आला की सगळे ओसरीवर पळतात आणि मग प्रत्येकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं.

डिसेंबरातलं चौकातलं ऊन ही एक स्वतंत्र गोष्ट आहे. सकाळी ते आधी माडीच्या कठड्यावर येतं, मग हळूहळू खाली उतरतं, दहाच्या सुमाराला तुळशीपाशी, दुपारी आडाजवळ. आत्याच्या पापडांची चादर त्या उन्हामागे सरकवत न्यायची ही लेकाची ड्युटी होती आणि तिसऱ्या दिवशी तो घड्याळ न बघता "आता पावणेअकरा झाले असतील" सांगायला लागला. पाच-सात मिनिटं इकडेतिकडे.

मला विचाराल तर ह्या वस्तीची खरी गंमत कोरीव खांबांत नाही, फोटोत तेच येतं म्हणून लोक तेवढंच बघतात. गंमत उंचीत आहे. दोन मजल्यांचं घर आणि सात-आठ फुटांची गल्ली, म्हणजे वरच्या माणसाला खालच्याचा चेहरा दिसतो आणि साध्या आवाजात बोललेलं पोचतं. दुसरं म्हणजे घर आणि रस्ता ह्यांच्या मध्ये कंपाउंड नाही, ओटा आहे. ओट्यावर बसलेलं माणूस घरातही असतं आणि गल्लीतही, जाणारा-येणारा थांबतो, दोन वाक्यं बोलतो, पुढे जातो, कोणी कोणाला "या ना आत" म्हणायची गरज नसते. आमच्या सोसायटीत क्लबहाउस आहे, बुकिंग करावं लागतं. इतकंच काय, गावाची देवी भद्रकाली, तिच्या मंदिरालाही शिखर नाही, बाहेरून मोठ्या घरासारखंच दिसतं, आम्ही तर पहिल्यांदा पुढे निघून गेलो होतो.

पण नुसतं गोड लिहिणार नाही.

संडास मागच्या बाजूला, रात्री दोन वाजता थंडीत चौक ओलांडून जायचं, आणि नाशिकची थंडी डिसेंबर-जानेवारीत दहाच्या खाली सहज जाते. अंघोळीला तांब्याचा बंब, पाणी फर्स्ट क्लास तापतं पण धूर डोळ्यांत. जिना इतका उभा की आत्या बहात्तराव्या वर्षी दोरी धरून चढते. नळाला पाणी सकाळी, झोपून राहिलात तर संपलं. गल्लीत कोण किती वाजता आलं हे सगळ्यांना माहीत असतं, ज्या हाकेचं मी इतकं कौतुक करतेय तिची ही दुसरी बाजू, आणि पंचविशीत मला ही नकोच वाटली असती. शिवाय ही जी कोणाची कोणती गल्ली असं नावांतच लिहिलेलं आहे, तांबट लेन, कुंभारवाडा, पगडबंद लेन, त्यात कोणी कुठे राहायचं आणि कोणी कुठे यायचंच नाही हेही ठरलेलं होतं. इथून पूल ओलांडला की काळाराम मंदिर, तिथे २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नव्हतं. "पूर्वी सगळे कसे मिळून-मिसळून राहायचे" असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

वाडे पडतात का, तर पडतात, जवळजवळ दर पावसाळ्यात कुठे ना कुठे. त्याचं कारण आत्याने मला खांब वाजवून दाखवलं. वाड्याचं वजन भिंतींवर नसतं, सागवानाच्या खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतं, खांब दगडी तळखड्यावर उभा, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही, मधल्या भिंती म्हणजे नुसती विटामातीची भर. त्यामुळे भिंत ढासळली तरी सांगाडा उभा राहतो. पण कौलं फुटली आणि पाणी वरून तुळईच्या सांध्यात मुरायला लागलं की मात्र आतून कुजतं, वाळवी लागते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आत्या बोटाच्या पेराने खांब वाजवते. चांगला खांब टक्क वाजतो. ओसरीच्या नैऋत्येचा एक खांब मात्र भद्द वाजला, तिने तिथे लोखंडी टेकू लावून घेतलाय आणि तिथे कोणाला झोपू देत नाही.

दुरुस्ती का होत नाही ते विचारलं तर तिने वहीच काढली. मागच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू, भाडं महिना साठ रुपये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे वर्षाला चार टक्के वाढ घेता येते, साठावर ते होतात दोन रुपये चाळीस पैसे. कौलं चाळून घ्यायला माणूस लावला तर तो चहालाच तेवढे मागेल. मालक म्हणतो परवडत नाही, भाडेकरू म्हणतो सोडलं तर हक्क गेला, आणि वारस म्हणाल तर आमच्या वाड्याला चौदा, त्यातले चार अमेरिकेत. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा चिकटवते, त्याच्यावर पुढच्या वर्षीची नोटीस. कोणीच खलनायक नाही, तरी वाडा खचतोच.

मैत्रिणीला म्हणून स्पष्ट सांगते: भाड्याने राहायचं असेल तर आधी एकदा जोरदार पावसात येऊन बघ. छताला निळं प्लास्टिक दिसलं तर विचार की किती वर्षांपासून आहे. सगळे खांब वाजव, लाजू नकोस. आणि सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार ह्या सखल पट्ट्यात घेऊ नकोस, तिथे खालून सरस्वती नाला जातो, मोठा पाऊस झाला की दुकानांत पाणी, आणि गंगेला पूर आला की विचारायलाच नको, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात तिथे काय झालं ते कुठल्याही दुकानदाराला विचार, तो भिंतीवर हात ठेवून पातळी दाखवेल. जुनं गाव टेकाडांवर वसलंय, वरच्या बाजूला, तिवंधा-डिंगरअळीकडे, तेवढी भीती नाही. करार लेखी कर, आणि कोणत्या वारसाची सही आहे ते बघ. वायफायचा राउटर माजघरात लावलास तर ओसरीवर मिळणार नाही, ती भिंत तेही अडवते.

फक्त बघायला येणार असाल तर मुक्काम पंचवटीत, म्हणजे नदीपलीकडच्या भागात करा, धर्मशाळा आणि लॉज भरपूर आहेत (एका लॉजने फोनवर गंगेचा व्ह्यू सांगितला आणि खिडकी उघडली तर बोळात, हे आमच्या ओळखीच्यांचं झालं, तर आधी खोली बघा मग पैसे). सकाळी साडेसहाला निघायचं. रामकुंडावरून, दुतोंड्या मारुतीला (नदीतली दोन तोंडांची मोठी मूर्ती) बघून. नाशिककर पूर सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत, पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला की छातीला असं मोजतात. जवळच नारोशंकराचं मंदिर, १७४७ चं, त्याची ती प्रसिद्ध घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली. मग पूल ओलांडून सराफ बाजारातून वर, सरकारवाडा लागतो, पेशवाईतला, दगड आणि लाकूड दोन्ही निवांत बघा. तिथून भांडी बाजार, तांबट लेन, भद्रकाली, तिवंधा. नकाशा बंद ठेवा, आठ वाजेपर्यंत गल्ल्या रिकाम्या असतात आणि हरवलात तरी उतार धरला की गंगेवरच पोचता. नऊनंतर टेम्पो सुरू होतात, मग मजा नाही. बुधवारी गंगेवर आठवडे बाजार असतो, त्या दिवशी गर्दी धरून चाला.

कोणाच्या वाड्यात डोकावायचं असेल तर आधी ओट्यावरच्या माणसाशी बोला. मोबाइल खिशात. "आत येऊन बघू का?" असं विचारलं तर मला पाचपैकी चार ठिकाणी या म्हणाले आणि दोन ठिकाणी चहा झाला. एक मुलगा आमच्यासमोरच न विचारता चौकात शिरला, वाळत घातलेल्या कपड्यांसकट रील काढायला लागला, आजींनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. लोकांचं घर आहे ते.

खाण्याचं थोडक्यात: सायंताराचा साबुदाणा वडा, कोंडाजीचा चिवडा, मिसळ कुठेही चांगलीच मिळते, पापड बरोबर येतोच. आत्याने मिसळीचं नाव काढल्यावर तोंड वाकडं केलं आणि घरी केली. तीच जास्त चांगली होती.

लेकाला सगळ्यात काय आवडलं तर तिवंध्याची रहाड, जी त्याला दिसलीच नाही. रहाड म्हणजे चौकाच्या खाली दगडात बांधलेला हौद, पेशवेकाळातला, वर्षभर बुजवलेला, वर स्कूटर लावलेल्या. रंगपंचमीला उघडतात, रंगाचं पाणी भरतात, पूजा झाली की लोक वरून धप्पा मारतात. नाशकात रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तो त्या स्कूटरींच्या मध्ये उभा राहून पाय आपटून बघत होता, पोकळ वाजतं का. शिकला ना आत्याकडून.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी लेकाने बाल्कनीतून खालच्या मित्राला जोरात हाक मारली, दोनदा. तिसऱ्या वेळेला सिक्युरिटीचा इंटरकॉम आला, मॅडम सगळं ठीक आहे ना.

तर रंगपंचमीला जायचं नक्की झालंय. तुम्ही येणार असाल तर पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटं आत्ताच काढा, फेकून द्यायचे कपडे आणा, चप्पल साधी, आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत त्यामुळे रस्ते कुठे उकरलेले असतील ते तिथे पोचल्यावरच कळेल. आत्याचा पत्ता मात्र मागू नका, माडीवर अकरा गाद्या आधीच ठरल्यात आणि माझी बारावी अजून वादात आहे.