हयातीचा दाखला

माणूस जिवंत आहे की नाही हे त्याच्याकडे बघून कळतं, असा आपला एक भाबडा समज असतो. पेन्शनरच्या घरात वाढलेल्यांचा तो लहानपणीच फिटतो. त्या घरांत दिवाळीचा फराळ संपत आला की नोव्हेंबर येतो आणि नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत असं सरकारला सांगायचं, तेही पुराव्यानिशी.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, १९६४ साली सैन्यात भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग, मग १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण. पंधरा वर्षं भरली तसे १९७९ साली पेन्शन घेऊन अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी परतले आणि कपाशी, दादर ज्वारी, म्हैस आणि पोरंबाळं यांत बुडाले. नोकरी पंधरा वर्षांची आणि पेन्शन चाळीसच्या वर. "सरकारले मी भलताच महाग पडनू," असं ते स्वतःच म्हणायचे.

पूर्वी बँकेत साहेबासमोर उभं राहून सही केली की काम व्हायचं. एकदा टेबलावरच्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "दाखला कोणाचा? त्यांना घेऊन या." आबा म्हणाले, "माले दखा ना सायेब, मी जित्ता शे." २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, डिजिटल. त्यात अंगठा लावायचा. आता आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं पार सोलून निघालेली असतात. मशीनवरचा पोरगा म्हणायचा, "आबा, अंगठा पुसा. आता दाबा. अजून जरा दाबा." दहाही बोटं व्हायची तेव्हा कुठे एखादं कबूल व्हायचं. बाहेर आले की आबा टोपी सारखी करायचे आणि दरवर्षी तेच बोलायचे, "चला, आते वरीसभर मरानं नही." मग जिजीसाठी, म्हणजे आजीसाठी, जिलबी घेऊन एसटी.

२०२१ च्या नोव्हेंबरअखेर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, तेव्हा मला वाटलं, सुटलो. घरबसल्या मोबाइलवर काम होणार. आबांना अंगणात उजेडाकडे तोंड करून उभं केलं. कॅमेरा समोर धरल्याबरोबर ते सावधान झाले. टाचा जुळल्या, छाती पुढे, नजर समोर. ते ॲप माणूस जिवंत आहे हे ओळखतं पापणी लवण्यावरून, आणि आबांची पापणी काही लवेना. "आबा, डोळे मिचकवा," मी म्हटलं. ते ओठ न हलवता म्हणाले, "परेडमा?" शेवटी जिजीने मागून येऊन त्यांच्या कानापाशी पितळी ताट आपटलं, तेव्हा सरकारदरबारी ते जिवंत ठरले.

लढाईचं मात्र त्यांच्याकडून काही निघायचं नाही. ३ डिसेंबर ते १६ डिसेंबर १९७१ हे दिवस आम्ही पुस्तकातून शिकलो. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरचं मला फार पुढे कळलं. आपल्या ब्रिगेडियरने शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, ती एक गाववाला घेऊन गेला, आणि पलीकडच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्याची बलुच पलटण वेढा फोडून निघाली, ती नेमकी जंगी पलटणीने अडवून धरलेल्या रस्त्यावर आली. हे वाचून मी धावत आबांकडे गेलो. आबा, तुम्ही तिथे होतात! ते शेंगा फोडत होते. "चिठ्ठ्या सायेबसनं काम. आमनं काम चर खंदानं." आणि एक शेंग माझ्या हातावर ठेवली. विषय संपला. दरवर्षी १६ डिसेंबरला गावच्या शाळेत त्यांना शाल-नारळ मिळायचा आणि दोन शब्द बोलायचा आग्रह व्हायचा. ते खरोखर दोनच गोष्टी सांगायचे : पाणी उकळून प्या आणि रांगेत धक्काबुक्की करू नका. गुरुजी दरवर्षी थोडे हिरमुसायचे.

आबांच्या स्वतःच्या चिठ्ठ्या वेगळ्याच असायच्या. पत्त्यात गाव नाही, नुसतं '९९ एपीओ'. म्हणजे माणूस पूर्वेला कुठेतरी आहे, एवढंच समजायचं. जिजीला वाचता येत नव्हतं, म्हणून ओट्यावर चारचौघांत गुरुजी पत्र मोठ्याने वाचायचे. सासू-सासरे, दीर, जेठ सगळे ऐकायला. तिथे बायकोची चौकशी कशी करणार? म्हणून आबा शेवटी लिहायचे, 'तांबडी गाय नीट खाते ना? तिला उन्हात बांधू नये.' आमच्या घरी तेव्हा गायच नव्हती, दोन बैल आणि एक म्हैस. पणजोबांना कित्येक वर्षं वाटायचं, पोराला तिकडे हवा मानवत नाही.

त्या काळात घराने त्यांच्या हयातीचा दाखला आपल्या पद्धतीने दिला. श्रावणात कानबाई देवीचे रोट असतात. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढतात, त्याचं पीठ वेगळं दळून आणतात. पणजी मुठी मोजताना मोठ्यापासून धाकट्यापर्यंत नावं घ्यायची आणि आबांचं नाव त्यांच्या नंबरावर यायचं, माणूस हजार मैलांवर का असेना. पलटणीतून खुशालीचं पत्र आलं नसेल त्या वर्षीही मूठ चुकली नाही. मला हा दाखला बँकेतल्या दाखल्यापेक्षा पक्का वाटतो. तो द्यायला त्या माणसाला रांगेत उभं राहावं लागत नव्हतं.

घरी परतल्यावर त्यांनी सगळा हिशेब चुकता केला. जिजी विहिरीजवळ पडून हात मोडून बसली, तेव्हा माझ्या आत्याच्या वेण्या दोन महिने आबांनी घातल्या. बुटाची नाडी आवळावी तशा त्या आवळलेल्या असायच्या. आत्या सांगते, शाळेत दिवसभर भुवया वर ताणलेल्या राहायच्या आणि बाई विचारायच्या, एवढं काय नवल वाटतंय तुला? पण एक बट सुटायची नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आबा गेले, दाखल्याची मुदत शिल्लक असताना. बाराव्यानंतर फॅमिली पेन्शनचं बघायला मी त्यांची काळी ट्रंक उघडली. मनाची तयारी होती : अमळनेर, जळगाव, नाव जुळत नाही, जन्मतारीख जुळत नाही, पुढच्या सोमवारी या. भरतीच्या वेळी कागदांत जिजीचं माहेरचं नाव लागलेलं, आधारवर सासरचं. असली प्रकरणं वर्षानुवर्षं लोंबकळतात. ट्रंकेत वरच एक प्लास्टिकची फाइल होती. आत प्रतिज्ञापत्र, जिजीच्या नावाची आणि जन्मतारखेची दुरुस्ती, जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला केलेले अर्ज, तिचं नाव घातलेला नवा पीपीओ (पेन्शन देण्याचा हुकूम), जोड खात्याचं पासबुक. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, कोपऱ्यात टाचणी. हे सगळं त्यांनी बारा वर्षांपूर्वीच उरकून ठेवलं होतं आणि घरात कोणाला पत्ताही नव्हता. स्वतःच्या जिवंतपणाचा कागद करायला कुरकुरणाऱ्या माणसाने स्वतःच्या मागचे कागद असे लावून ठेवले होते.

फाइलीत दोघांचा जोडीने काढलेला फोटोही होता, पेन्शनच्या अर्जाला लागतो तो. जिजीने चष्मा लावून तो निरखला. वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथे जायचं म्हणून आबांनी तिला अमळनेरला नेलं होतं आणि आधी गाठला होता स्टुडिओ. तिला वाटलं, हौस आली असेल. ती खुर्चीवर ताठ बसलीये, आबा शेजारी सावधानमध्ये.

"हाई लुगडं मनं नही," ती म्हणाली, "जेठानीनं शे." आणि मग बँकेत हा फोटो बदलून मिळतो का, याची चौकशी करायला तिने मला दोनदा पाठवलं.