सोळा वर्षांची लेक आणि क्रूझची सुट्टी

क्रूझची चौकशी करताना आपल्याकडचे बहुतेक लोक जेवण शाकाहारी मिळेल का, समुद्र लागेल का आणि माणशी खर्च किती येईल, एवढेच विचारतात. बरोबर दहावी-अकरावीतले लेकरू असेल तर ते तिथे दिवसभर काय करील, हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच प्रश्न आधी विचारायला हवा. जहाजावर लहान मुलांची सोय असते, मोठ्यांची तर असतेच; मधल्या वयाची मुले मात्र अधांतरी राहतात. मुलांच्या खोलीतले रंगकाम आणि फुगे त्यांना पोरकट वाटतात, आणि कॅसिनो नि बारच्या दारात वय आडवे येते. काही मोठ्या परदेशी जहाजांवर १२ ते १४ आणि १५ ते १७ अशा वयोगटांसाठी वेगळे क्लब असतात, पण मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या छोट्या सफरीत ते गृहीत धरू नये.

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई, आम्ही दोघे आणि अकरावीत शिकणारी आमची लेक असे चौघे लातूरहून अशाच सफरीला गेलो. लातुरात अकरावी म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. सकाळी कॉलेज, दुपारपासून ट्यूशन एरियात एकामागून एक बॅच, रविवारी मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची सराव टेस्ट; दिवसाचा एकही तास त्या मुलीने स्वतः ठरवलेला नसतो. अशा मुलीच्या हाती सुट्टीतही आपणच आखलेला कार्यक्रम ठेवला, तर तिच्या लेखी सुट्टी झालीच नाही. म्हणून लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाताना आम्ही तिला सांगून टाकले, की जहाजावरचा दिवस तुझा, कुठे जायचे आणि काय करायचे ते तू ठरव. रात्रीचे जेवण मात्र आपण चौघांनी एकत्र करायचे.

सासूबाईंना हे पटले नाही. "रातच्याला पोरीला एकटीला कुठं फिरू देतीस? परका मुलूख, परकी माणसं," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. जहाजाला कुंपण समुद्राचे असते, चढणाऱ्या-उतरणाऱ्याचे कार्ड दारात तपासले जाते, मार्गिकांमध्ये कॅमेरे असतात, हे सगळे खरे. तरीही त्यावर शेकडो अनोळखी माणसे असतात आणि त्यांपैकी काही दारू प्यायलेली असतात, हेही तितकेच खरे. त्यामुळे आम्ही मोजकेच नियम केले आणि ते कारणांसह सांगितले. कोणाच्या केबिनमध्ये जायचे नाही आणि आपल्या केबिनमध्ये कोणाला बोलवायचे नाही. कठड्यावर चढायचे किंवा बसायचे नाही. जागा बदलली की आजीच्या उशाशी ठेवलेल्या वहीत वेळ आणि ठिकाण लिहायचे. मुलगा असता तरी हेच नियम केले असते, हे मी तिला मुद्दाम सांगितले, कारण या वयाच्या मुली या बाबतीत फार बारकाईने पाहतात.

वहीचा उपाय करण्याचे कारण असे, की किनारा मागे पडला की फोनला रेंज राहत नाही. जहाजाचे वायफाय वेगळे पैसे भरून घ्यावे लागते, आणि फोन चुकून जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला गेला तर रोमिंगचे बिल डोळे पांढरे करते. म्हणून बंदर सोडतानाच फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. गाणी आणि पुस्तके घरूनच उतरवून न्यावीत. फोन नाही म्हणून मूल चिडेल, अशी भीती पुष्कळ पालकांना वाटते. मला उलट असे दिसले, की सगळ्यांचेच फोन मुके झाले की मुले एकमेकांशी बोलू लागतात. टेबल टेनिसच्या टेबलाभोवती पहिल्याच संध्याकाळी तिची नागपूरच्या एका मुलीशी आणि सुरतच्या भावंडांशी गट्टी जमली. सफर छोटी असेल तर ही पहिली संध्याकाळ फार मोलाची असते, तेव्हा त्या वेळी मुलांना नाटक-जादूच्या प्रयोगाला ओढून नेऊ नये.

मोकळीक दिली म्हणजे आपण बाजूला व्हायचे, असा मात्र याचा अर्थ नाही. मुलांना खरे काम दिले तर ते हौसेने करतात. निघण्याच्या आधी प्रत्येक प्रवाशाला आपत्कालीन सराव करावा लागतो. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या आजच्या रूपातून हा नियम आला आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की ठरलेल्या जागी जमायचे असते. आमच्या घरची ही जबाबदारी आम्ही लेकीवर सोपवली. आजीला जिना कोणता सोयीचा, जीवरक्षक जाकीट कपाटात कुठे आहे, त्याचे पट्टे कसे आवळायचे, हे सगळे तिने पाहून ठेवले आणि आजीकडून करून घेतले. त्यानंतर सासूबाईंचा विरोध बराच मावळला.

दुसरे काम तिने आपणहून काढले. मुंबई सोडल्यावर खांदेरी बेटाच्या बाजूला दीपगृहाचा झोत दिसू लागला. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेल्या अंतराने होते आणि त्यावरूनच खलाशी ते ओळखतात, एवढे मी तिला सांगितले. मग ती घड्याळ हातात धरून सेकंद मोजू लागली आणि घरून आणलेल्या कागदी नकाशावर खुणा करू लागली. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तटबंदी घातलेली ही खांदेरी आणि पुढे दक्षिणेला असलेले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चारही किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आले, हे तिला पाठ होते. पण कोणता कोणाच्या पुढे येतो, हे तिला त्या नकाशावर पहिल्यांदा नीट उमगले. सुरतची भावंडेही मोजायला येऊन बसली.

आणि मग पाण्याची गोष्ट निघाली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा ती पहिलीत होती; घागरींच्या रांगा तिला आठवतात. एवढ्या माणसांच्या आंघोळीचे पाणी जहाजावर येते कुठून, हे विचारायला ती स्वतःच काउंटरवर गेली. तिथून पुढे इंजिन विभागातल्या एका कर्मचाऱ्याशी तिची गाठ पडली आणि त्याने कागदी रुमालावर आकृती काढून दाखवली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जहाजे ते पाणी इंजिनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत कमी तापमानालाच उकळवतात आणि वाफेचे पुन्हा पाणी करतात, किंवा मोठ्या दाबाने बारीक पडद्यातून गाळतात. दाब उतरला की उत्कलनबिंदू उतरतो, हे वाक्य तिने ट्यूशनमध्ये कितीदा तरी लिहिले असेल. त्या रात्रीच्या जेवणात ते तिने आजीला मराठीत समजावून सांगितले आणि आजीने शंका विचारल्या. त्या जेवणाचे पैसे वसूल झाले, असे मला मनापासून वाटते.

सकाळच्या झोपेबद्दल एवढेच सांगते, की मुले दहापर्यंत झोपली तर झोपू द्यावीत. या वयात झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलते. नाश्ता बंद व्हायच्या आधी दोन केळी बाजूला ठेवली की भागते.

बुकिंगपूर्वी मुलांच्या क्लबची वयोमर्यादा आणि तरणतलावाचे नियम लेखी मागून घ्यावेत, आणि मुलांच्या कार्डावर खरेदीची मर्यादा घालता येते का, तेही विचारावे. दार उघडणारे कार्डच खरेदीलाही चालते. दिवाळीनंतर पावसाळ्याच्या मानाने समुद्र बराच शांत असतो. आजी-नातीची केबिन आम्ही जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घेतली, कारण तिथे डोल सर्वांत कमी जाणवते. मळमळीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून न्याव्यात आणि जहाज हलण्याच्या आधीच घ्याव्यात; ओकाऱ्या सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.