चंद्रावरचा बर्फ राहू दे, आधी मातीकडे बघा

चंद्रावरच्या खाणकामाचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत पाण्यावर येते. दक्षिण ध्रुव, कायम अंधारातली विवरं, त्यात साचलेला बर्फ, तो काढायचा, त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचा, रॉकेटच्या टाक्या भरायच्या आणि निघाले मंगळावर. ऐकायला भारीच वाटतं. पण जरा आकड्यांत शिरलं ना, की बर्फाला उगाच जास्त भाव मिळतोय असं माझं तरी मत झालंय, आणि तिथे जिकडेतिकडे जी माती पडलीय तिच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

मुळात चंद्रावर खणायचंच कशाला? तर सगळं गुरुत्वाकर्षणामुळे. पृथ्वीच्या तावडीतून सुटायला सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग लागतो, चंद्रावरून सुटायला 2.4. आणि रॉकेटचं गणित इतकं खवचट आहे की वेग वाढवायचा तर जास्त इंधन, ते जास्तीचं इंधन उचलायला अजून इंधन, असं करत करत अपोलोचं सॅटर्न 5 रॉकेट 2900 टनांच्या आसपास गेलं होतं आणि त्यातून चंद्राकडे निघायचे ते पंचेचाळीसेक टन. बाकी सगळं जाळलं नाहीतर फेकून दिलं. मग चंद्रावरच टाकी भरता आली तर पृथ्वीवरून तेवढं वजन उचलायला नको, इतकी साधी कल्पना आहे.

आता गंमत बघा. आपण सरसकट 'इंधन' म्हणतो खरं, पण टाकीतलं बहुतेक वजन इंधनाचं नसतंच, ते इंधन जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं असतं. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनात साधारण 1 किलो हायड्रोजनला 6 किलो ऑक्सिजन लागतो. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटचं रॅप्टर इंजिन मिथेनवर चालतं, तिथे 1 किलो मिथेनला 3.6 किलो ऑक्सिजन. म्हणजे एकात 86 टक्के आणि दुसऱ्यात 78 टक्के वजन नुसत्या ऑक्सिजनचं. आणि चंद्राच्या मातीत वजनाने 40 ते 45 टक्के ऑक्सिजनच आहे! सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, लोह, कॅल्शियम यांच्याशी घट्ट बांधलेला आहे हे मान्य, पण आहे, आणि सगळीकडे आहे, त्यासाठी ध्रुवावरच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरायची गरज नाही. 2023 मध्ये चांद्रयान 3 च्या प्रज्ञान रोव्हरने लेझर मारून मातीत काय काय आहे ते तपासलं तेव्हा बातम्या झाल्या गंधकाच्या, त्याच यादीत ऑक्सिजनही होता पण तो सगळ्यांना अपेक्षितच असल्यामुळे त्याच्याकडे कोण बघणार.

बर्फाबद्दल आपल्याला नक्की काय माहितीये ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल उगाच विरोध करतोय. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे ध्रुवाजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही आणि काही ठिकाणी तापमान उणे 240 सेल्सिअसच्या आसपास असतं. चांद्रयान 1 वरच्या नासाच्या उपकरणाने पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दाखवल्या, ते 2009 मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला नासाने एल्क्रॉस मोहिमेत रॉकेटचा एक रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात मुद्दाम आपटला आणि उडालेल्या ढगाचा अभ्यास करून सांगितलं की तिथल्या मातीत सुमारे 5.6 टक्के पाणी असावं, पण त्या आकड्यात 2.9 टक्के इकडे तिकडे. म्हणजे पावणेतीन टक्केही असू शकतं आणि साडेआठही. आणि हे एका विवरातल्या एका जागेचं, बाकी ठिकाणचे अंदाज सगळे लांबून. तिथे प्रत्यक्ष ड्रिल घालून बर्फ आजवर कोणी बाहेर काढलेला नाही. शिवाय त्या ढगात नुसतं पाणी नव्हतं, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि चक्क पारा पण होता, म्हणजे काढलेलं पाणी आधी शुद्ध करायचं आणि मग पुढचं.

तरी 5.6 टक्के खरे धरून हिशोब करू. 1 टन पाण्यासाठी 18 टन गोठलेली माती खणायची. ती तापवायची, वाफ पकडायची. मग पाण्याचं विघटन करायला किलोमागे 5 ते 6 युनिट वीज लागते, म्हणजे टनाला पाच-सहा हजार युनिट. 100 किलोवॅटची अणुभट्टी तिथे नेली तर ती दिवसाला 2400 युनिट देणार, सगळी वीज याच कामाला लावली तरी दोन-अडीच दिवसांत 1 टन. आणि हे फक्त विघटन झालं, त्यानंतर हायड्रोजन उणे 253 ला नेऊन द्रव करायचा आणि तसाच टिकवायचा, ज्यात भल्याभल्यांचा घाम निघतो. एका मोठ्या यानाला अशी शेकडो टनांची टाकी लागते. हे सगळं यंत्र चालणार कुठे, तर जिथे ऊन नाही म्हणजे सोलर पॅनल नाही, वंगण गोठतं, धातू ठिसूळ होतो, आणि वीज विवराच्या कडेवरून खाली केबलने आणायची. दक्षिण ध्रुवावरचं शॅकल्टन विवर सुमारे 4 किलोमीटर खोल आहे, केबल टाकणाऱ्याला शुभेच्छा!

अजून एक सलणारी गोष्ट म्हणजे हा बर्फ काही नुसता कच्चा माल नाही. तो कधी आला, धूमकेतूंनी आणला की सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने, तयार झाला, याचा सगळा इतिहास त्याच्या थरांत असू शकतो. तो न वाचताच वितळवून इंजिनात जाळून टाकायचा हे मला पटत नाही. माणसांना प्यायला लागतंच म्हणाल तर अंतराळ स्थानकावर आता 98 टक्के पाणी पुन्हा वापरात आणता येतं, त्यामुळे वस्तीची तहान थोडक्यात भागते. श्वासाला पण माणशी दिवसाला 1 किलोच्या आतच ऑक्सिजन लागतो. राक्षसी भूक आहे ती रॉकेटची.

मग मातीतून ऑक्सिजन काढायचा कसा? एक जुनी पद्धत इल्मेनाइटची. चंद्रावरचे जे काळसर डाग आपल्याला इथून दिसतात त्या भागात हे लोह आणि टायटॅनियमचं खनिज बऱ्यापैकी आहे. ते 900-1000 अंशांना तापवून त्यावरून हायड्रोजन सोडला की पाण्याची वाफ मिळते, ती फोडून ऑक्सिजन ठेवायचा आणि हायड्रोजन परत फिरवायचा. यात मातीतला थोडाच ऑक्सिजन हाती लागतो. दुसरी पद्धत जास्त दांडगी: माती थेट 1600 अंशांच्या आसपास वितळवायची आणि त्या लाव्ह्यातून वीज सोडायची. एका टोकाला ऑक्सिजनचे बुडबुडे, दुसऱ्या टोकाला लोह, सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम. ब्लू ओरिजिन या अमेरिकन अंतराळ कंपनीने 2023 मध्ये सांगितलं की त्यांनी नकली चांद्रमातीपासून असंच सिलिकॉन काढून सोलर सेल बनवले. म्हणजे ऑक्सिजन काढता काढता जे उरतं त्यातून पॅनल आणि तारा बनवायच्या, त्यांनी अजून ऑक्सिजन काढायचा. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण बर्फातून असं काहीच उरत नाही.

अडचणी आहेतच. वीज बर्फापेक्षा जास्त खाते, कारण सिलिकॉन आणि ऑक्सिजनची गाठ पाण्यातल्या गाठीपेक्षा घट्ट. 1600 अंशांचा तो रस ज्या भांड्यात ठेवाल ते भांडंच खात सुटतो, वीज आत सोडणाऱ्या इलेक्ट्रोडचे पण तेच हाल. आणि हायड्रोजन किंवा मिथेन पृथ्वीवरूनच न्यायला लागणार. पण टाकीतलं एक चतुर्थांशाहून कमी वजन न्यायचं आणि बाकीचं तिथे भरायचं, हा सौदा मला तरी वाईट वाटत नाही. त्यात कारखाना उन्हात उभा करता येतो हे वेगळंच.

खणणं मात्र दोन्हीकडे चुकत नाही आणि लोक नेमकं हेच हलक्यात घेतात. 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने ड्रिलने जमिनीत साधारण 2.4 मीटर नळी घातली, घालताना जीव मेटाकुटीला आला आणि नंतर ती बाहेरच येईना. वरची धूळ भुसभुशीत, पण थोडं खाली गेलं की माती इतकी दाबून बसलेली की नळी आवळून धरते. शेवटी स्कॉट आणि जिम आयर्विन दोघांनी खांदे लावून ती उपसली, त्यात स्कॉटचा खांदा दुखावला. ही दोन धडधाकट माणसं होती. रोबोटचं तर अजून अवघड, कारण चंद्रावर वजन एक षष्ठांश, तुम्ही फावडं मातीत दाबलं की माती हलण्याऐवजी यंत्रच मागे सरकतं. पृथ्वीवरची खाणीतली यंत्रं स्वतःच्या वजनाच्या जोरावर काम करतात, तो जोर तिथे नाही. म्हणून नासाच्या केनेडी केंद्रातल्या लोकांनी रॅसर नावाचं यंत्र बनवलं, त्याला पुढे आणि मागे बादल्या लावलेले दोन ड्रम आहेत आणि ते उलटसुलट दिशेने फिरतात, एकाचा धक्का दुसरा खोडतो, त्यामुळे हलकं असूनही ते जागेवर टिकून खणतं. साधी युक्ती, पण काय डोकं लावलंय!

आणि ती धूळ! वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे प्रत्येक कण काचेच्या तुकड्यासारखा धारदार, वर स्थिर विजेने सगळीकडे चिकटतो, सील, सांधे, लेन्स काही सोडत नाही. यान उतरताना तर गोळ्यांसारखी उडते. अपोलो 12 उतरलं तेव्हा दीडशेहून जास्त मीटर लांब आधीपासून उभ्या असलेल्या नासाच्या सर्व्हेयर 3 यानावर त्या धुळीचे ओरखडे पडले होते. आपलं चांद्रयान 3 चं विक्रम लँडर तर छोटंसं, तरी इस्रोच्या अभ्यासानुसार त्याने उतरताना सुमारे 2 टन माती इकडची तिकडे केली. आता तुमच्या कारखान्याशेजारी शंभर टनी यान येऊन उतरलं तर काय होईल, म्हणजे सगळ्यात आधी पक्कं लँडिंग पॅड हवं, ते पण मातीच भाजून.

अणू जोडून वीज करणाऱ्या फ्यूजन भट्टीचं इंधन म्हणून ज्याचं नाव घेतात त्या हेलियम 3 बद्दल विचाराल म्हणून एका ओळीत: ते मातीत अब्जात काही कण इतकं विरळ आहे आणि त्यावर चालणारी फ्यूजन भट्टी अजून जगात कुठेच नाही, तेव्हा बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

पैशाचं कोडं जास्त खरं आहे. गिऱ्हाईक नाही म्हणून कारखाना नाही आणि कारखाना नाही म्हणून चंद्रावर भरून घेईल असं यान कोणी बनवत नाही. त्यात पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटमुळे पृथ्वीवरून माल नेणं स्वस्त होत चाललंय, म्हणजे चंद्रावरच्या ऑक्सिजनला ज्या भावाशी टक्कर द्यायचीय तोच भाव खाली येतोय. सुरुवात सरकारांनाच करावी लागणार.

मालकीचं काय? 1967 च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार चंद्रावर कुठल्याही देशाला हक्क सांगता येत नाही, पण खणून काढलेल्या मालाचं काय यावर तो करार गप्प आहे. अमेरिकेने 2015 मध्ये आपल्या कंपन्यांना त्या मालाचा हक्क देणारा कायदा केला, 2017 मध्ये लक्झेंबर्गनेही, आणि अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या 2020 च्या आर्टेमिस करारात हीच भूमिका आली, ज्यावर भारताने 2023 मध्ये सही केली. रशिया आणि चीन त्यात नाहीत. नासाने 2020 मध्ये एका कंपनीशी चांद्रमाती विकत घ्यायचा सौदा चक्क 1 डॉलरला केला, माती हवी होती म्हणून नाही तर विक्री होऊ शकते असा पायंडा पडावा म्हणून. भांडण व्हायचंच तर ते बर्फावरून आणि ध्रुवाजवळच्या त्या मोजक्या उंच कडांवरून होईल जिथे जवळपास वर्षभर ऊन असतं. मातीवरून कोण भांडणार, ती सगळ्यांना पुरून उरेल.

पुढच्या मोहिमा बघितल्या तर सगळ्या पाण्याच्याच मागे. नासाने ध्रुवावर बर्फ शोधणारा व्हायपर रोव्हर 2024 मध्ये रद्द केला आणि मग 2025 मध्ये परत यादीत घेतला. 2025 च्या मार्चमध्ये एका अमेरिकन खाजगी कंपनीचं अथेना यान ड्रिल घेऊन दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं आणि आडवंच पडलं, ड्रिल हलवून दाखवलं पण खणायला खाली जमीनच नव्हती. भारत आणि जपान मिळून ध्रुवावर रोव्हर पाठवणार आहेत. जाऊ देत सगळे, बर्फ किती आहे ते एकदाचं कळलं पाहिजेच. पण त्यातल्या एखाद्या लँडरवर एक छोटी भट्टी पण चढवा ना, मूठभर माती घेऊन ऑक्सिजन काढून दाखवणारी. मंगळावर मॉक्सी नावाच्या डब्याने तिथल्या हवेतून एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन बनवून दाखवला. चंद्रावर, जिथे आपण 1969 पासून जातोय, तिथे अजून 1 ग्रॅमसुद्धा नाही.