सोमवारचं गॅदरिंग

घारापुरीत रविवार सोमवारी येतो, हे बाहेरच्या कोणाला सांगितलं की आधी हसतात. पण खरंच तसं आहे. लेणी सोमवारी बंद, म्हणून गेटवेवरून पर्यटक नाहीत, म्हणून स्टॉल बंद, हॉटेलं बंद, गाईड मोकळे, जेटीवरची ती टॉय ट्रेन उभी, आणि एकशेवीस पायऱ्यांवर फक्त माकडं आणि काल कोणीतरी टाकलेले वेफर्सचे पुडे. त्यामुळे साखरपुडा असो, बारसं असो, कोणावर राग काढायला बोलावलेली मीटिंग असो, सगळं सोमवारी. आणि आमच्या मंडळाची वर्षाची पूजा आणि तिला जोडून गॅदरिंग, तेही सोमवारीच. शाळेचं आणि मंडळाचं वेगळं नव्हतं तेव्हा, पोरं तीच, पालक तेच, सतरंज्या पण त्याच.

आता सोमवार कुठला ते समुद्र ठरवायचा. आमच्या राजबंदरला ओहोटीला नुसता चिखल, होडी लागत नाही, आणि भटजी यायचे उरणकडून. म्हणून पुनवेच्या नाहीतर अमावस्येच्या जवळचा सोमवार बघायचा, म्हणजे दुपारी बारा-एकला भरती मिळते. अष्टमीच्या बाजूचा धरला की भांग, म्हणजे कमी भरतीचे दिवस, भर दुपारी पाणी सुकलेलं. एका वर्षी कमिटीतल्या नव्या पोरांनी मुंबईच्या कुठल्यातरी पाहुण्याला सोयीचा म्हणून सोमवार धरला, तर भटजी धोतर कमरेला खोचून गुडघाभर चिखल तुडवत आले आणि मांडवात पोचल्यावर त्यांच्या तोंडून जे पहिलं वाक्य आलं ते कुठल्याही पोथीत नव्हतं. पाहुणा आलाच नाही ते वेगळंच.

जगाला आम्ही एलिफंटा. युनेस्कोने १९८७ साली लेणी यादीत घेतली, पुस्तकात महेशमूर्तीचा फोटो येतो, पण खाली माणसं राहतात हे लोकांना जेटीवर उतरल्यावर कळतं, कधी कधी उतरूनही कळत नाही. हजार-बाराशे माणूस, तीन वाड्या, शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड, समोर दिसते मुंबई. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी नाव ठेवलं तो आमच्या राजबंदरच्या बाजूला होता म्हणतात, इंग्रजांनी तो हलवताना फोडला, आता जोडून भायखळ्याला राणीच्या बागेत उभा केलाय. माझा आजा म्हणायचा, बेटावरचा पहिला चाकरमानी तोच, गेला तो परत आलाच नाही.

तर गॅदरिंग. माझ्या लहानपणी वीज नव्हती. जनरेटर होता, संध्याकाळी सात ते दहा, तोही डिझेल असलं तर. समोर जेएनपीटी बंदर १९८९ ला सुरू झालं, तिकडे रात्रभर दिव्यांचा नुसता लखलखाट, त्यांच्या क्रेनचा उजेड आमच्या पाण्यावर पडायचा, आणि आम्ही दहाच्या ठोक्याला काळोखात. म्हणजे पूजा, महाप्रसाद दिवसा उरकायचा आणि नाच, बक्षीसं, भाषणं, नाटक एवढं सगळं तीन तासात बसवायचं. भाषणं आवरता आवरायची नाहीत त्यामुळे मार पोरांच्या नाचाला. मी चौथीत असताना मावळा होते, काजळाची मिशी, कागदाला चांदी चिकटवून केलेली तलवार, आमचा नाच शेवटून दुसरा. दोन कडवी झाली आणि दहा वाजले. टेप बंद, लाईट बंद. कोणी उठलं नाही. बायकांनी टाळ्या धरल्या, पुढचं गाणं गावाने म्हटलं, कोणीतरी पेट्रोमॅक्स घेऊन आला पण त्याचं मेंटल फुटलेलं, मग दोन बॅटऱ्या आमच्या पायावर मारल्या आणि आम्ही नाचलो. मिशी घामाने गळ्यापर्यंत आली होती, बय म्हणाली मावला नाय, कोळसेवाली दिसतेस.

गुरुजी बाहेरचे असायचे, त्या दिवशी ते मुक्कामाला. पर्यटकांना बेटावर रात्री राहायची परवानगी नाही, शेवटची लाँच गेली की आम्ही आमचे, त्यामुळे रात्री राहिलेला बाहेरचा माणूस म्हणजे मोठं अप्रूप. गुरुजींना कोणाकडे झोपायला न्यायचं यावरून पण तीन बंदरांत ओढाताण व्हायची. हसू येतं आता, पण तेव्हा हे सिरीयस होतं.

कारण आतून काही ना काही धुमसत असायचंच. पोट सगळ्यांचं त्या पायऱ्यांवर. दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्रीखाली स्टॉल, माळा, दगडाचे हत्ती, टोप्या, काकडी, चिंचा, कैऱ्या. काही बायका नऊवारी नेसून डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन फोटोला उभ्या राहतात, त्यांच्या पण जागा ठरलेल्या. ज्याची जागा जेटीजवळ किंवा वळणावर त्याचा धंदा, आणि ज्याचं घर लांबच्या बंदराला त्याने सकाळी सगळं डोक्यावर घेऊन डोंगर चढून यायचं. जागा वाढत नाही, माणसं वाढतात. घराचं तसंच, संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढे दोनशे मीटर परवानगी लागते, २०१० पासून कायदाच तसा आहे. दोन भावांची चार मुलं झाली तरी भिंत तीच. मग भांडण कोणाशी करणार, लेण्यातल्या महादेवाशी तर करता येत नाही.

आणि मग ते रस्सीखेचचं वर्ष. दोन बंदरांमध्ये झालं, कुठली दोन ते सांगत नाही, दोन्हीकडची माणसं आजही मला होडीत भेटतात. त्या महिन्यात एका वळणावरच्या स्टॉलवरून आधीच बोलणं बंद होतं. गुरुजींना काय सुचलं, म्हणाले दुपारी मोठ्यांची रस्सीखेच घेऊ, खेळीमेळीत होईल. दोर होता लाँचचा जुना, हाताएवढा जाड, खाऱ्या पाण्याने ताठ झालेला. पहिली ओढ बरोबर झाली, दुसऱ्या ओढीला एका बाजूच्या दोघांनी दोर मागच्या आंब्याला गुंडाळला असं दुसरी बाजू म्हणाली, नाही गुंडाळला असं पहिली म्हणाली, आंबा काय बोलणार. पंधरा मिनिटांत विषय आंब्यावरून स्टॉलवर, स्टॉलवरून कोणाचा आजा बेटावर आधी आला यावर, आणि तिथून थेट तू गावचा तरी आहेस का इथपर्यंत आला. ज्याला हे म्हटलं त्याचा बाप इथे घरजावई होता ना. ते ऐकून एक म्हातारा खाली बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. मारामारी फार झाली नाही, एक शर्ट फाटला आणि महाप्रसादाचा भाताचा टोप कलंडला. पण ते घरजावईवालं वाक्य राहिलं.

पुढची दोन वर्षं दोन पूजा. दिवस एकच, कारण भरती एकच आणि भटजी एकच. त्यांनी एका मांडवात कथा सांगायची, दक्षिणा घ्यायची, की डोंगर उतरून दुसरीकडे तीच कथा, तोच साधुवाणी, तीच बुडालेली नाव. आम्ही पोरं मात्र दोन्हीकडे जेवलो, दोन्हीकडचा शिरा खाल्ला. आणि बायकांचं तर कधी तुटलंच नव्हतं, माझ्या बयने आमच्या मांडवातला शिरा पदराखाली घेऊन तिकडच्या तिच्या आतेबहिणीला पोचवला आणि येताना तिकडचा घेऊन आली, वर म्हणते कशी, त्यांचा जरा गोड जास्त. तिसऱ्या वर्षी वर्गणीला दोन मंडळं परवडेनात म्हणून परत एक झालं. समेट वगैरे नाही, हिशोब जमेना.

माझं लग्न उरणला झालं. म्हणजे फार लांब नाही, मोऱ्याहून होडी (हे उरणचं मोरा, आमचं मोराबंदर वेगळं, यात भले भले गोंधळतात). लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी गॅदरिंगला गेले, नवीन साडी, मिस्टर सोबत. मांडवात शिरले आणि नेहमीसारखी सतरंजीवर बयच्या बाजूला बसायला वाकले तर एक काका धावत आले, हातात लाल प्लास्टिकची खुर्ची. "खुर्ची घे गो, पावनी तू आता." प्रेमाने म्हणाले. आमच्याकडे नियमच तो, पाहुण्याला खुर्ची, गावाला सतरंजी. मी बसले त्या खुर्चीवर. समोर सतरंजीवर माझ्या बरोबरीच्या, बेटावरच दिलेल्या दोघी मांडी घालून बसलेल्या, एकमेकींच्या कानात काहीतरी बोलून हसत होत्या आणि मी वरून बघतेय. लाईट गेली तेव्हा बरं वाटलं, रडलेलं कोणाला दिसलं नाही.

मंडळाची वर्गणी उंबऱ्यावर असते. वहीत बंदरवार उंबरे, बाहेरगावच्यांचं देणगीदार म्हणून वेगळं पान. नोकरीसाठी मुंबईत गेलेल्या मुलाचा उंबरा तसाच राहतो, घराला कुलूप असलं तरी समोर बंद घर असं लिहून वर्गणी घेतात. लेकींचा उंबरा नसतो. मग काही वर्षांपूर्वी पैसे कमी पडायला लागले तशी कोणीतरी टूम काढली, लेकींची पण वर्गणी घ्या, आम्ही काय नाही म्हणतोय. पण मीटिंगमध्ये जे झालं ते भावाने सांगितलं. एक म्हातारबुवा उठले, म्हणाले आज वर्गणी घ्याल, उद्या जावई म्हणतील स्टॉल द्या. सगळे गप्प. वाटलं तर राग येतो, पण खोटं तरी कसं म्हणू, त्यांचं पोट त्याच पाच फूट ताडपत्रीवर आहे. शेवटी तोड काय निघाली तर लेकींचे पैसे घ्यायचे पण लिहायचे देणगीदारांच्या पानावर. मी दोन वर्षं दिले, तिसऱ्या वर्षी म्हटलं पावतीवर राजबंदर लिहा नाहीतर पैसे नाही. खजिनदाराने खूप वेळ पेन कानावर ठेवलं, मग लिहिलं, कंसात. राजबंदर, कंसात. पावती माझ्या कपाटात आहे.

वीज २२ फेब्रुवारी २०१८ ला आली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. त्या दिवशी भावाने फ्रीज उघडल्याचा व्हिडिओ पाठवला होता, आत फक्त पाण्याच्या बाटल्या, पण आतला दिवा लागतोय ना! आता गॅदरिंग एक-दीडपर्यंत चालतं, डीजे, फिरते दिवे. भाषणं तर विचारू नका, पूर्वी जनरेटरची तरी भीती होती.

यंदा गेले. भरती दुपारी साडेबाराची. मांडवात न जाता मागच्या बाजूने शिरले, चुलीकडे, तिथे खुर्च्या नसतात. दहा-बारा जणी कांदे कापत बसलेल्या, तिन्ही बंदरांच्या, पण गोल करून बसलेल्या तरी बंदराप्रमाणेच. काकूने वर न बघता विळी माझ्याकडे सरकवली. "बस. ते पोतं अजून तसंच हाय." मी पदर खोचला, बसले. अर्धा तास कापले असतील, डोळ्यांतून धार, तर पलीकडच्या गोलातून एक आजी माझ्या टोपलीत वाकून बघते आणि तिच्या बाजूच्या बाईला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "बघ, राजबंदरच्या बायका. कांदा कापतात का लाकडं फोडतात?"

"तुमच्यासारका कापला तं भाजीत सापडंल तरी का?" मी म्हटलं.

काकूने पहिल्यांदा वर बघितलं, आणि दुसरं पोतं पण माझ्याकडेच ढकललं.