494 च्या खालचं काहीही?

वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीतल्या आमच्या पायलट प्लांटमध्ये, म्हणजे छोट्या चाचणी-कारखान्यात, टोल्युइनमध्ये क्लोरीन सोडून बेंझिल क्लोराइड बनवतो. रिअ‍ॅक्शन उजेडावर चालते: उजेडाने क्लोरीनचा रेणू तुटला की ती सुरू होते. पाऱ्याचा जुना दिवा कटकटी करायला लागला, म्हणून एलईडी घ्यायचं ठरलं. कुठल्या तरंगलांबीचा घ्यायचा, ते काढायला ट्रेनीला सांगितलं. दांडिया बाजारातला मुलगा, हिशोबाला पक्का.

त्याने वहीत मांडलं: क्लोरीनचा बंध तोडायला मोलमागे 242 किलोज्यूल. ऊर्जेवरून तरंगलांबी काढायचा ठरलेला आकडा 1,19,627, त्याला 242 ने भागलं, आले 494 नॅनोमीटर. "मॅडम, तरंगलांबी कमी तितकी ऊर्जा जास्त, म्हणून याच्या खालचं काहीही चालेल." खरेदीवाल्यांना तेवढंच हवं होतं. 470 ची निळी पट्टी स्वस्तात आली.

ट्रायल काचेच्या फ्लास्कमध्ये घेतली. आधी नायट्रोजन फिरवला, कारण ऑक्सिजन राहिला तर रिअ‍ॅक्शनची साखळी तुटते. टोल्युइन तापवलं, क्लोरीन सुरू केला. फ्लास्क निळाशार, रंगाचा काही अंदाज येईना. मग स्क्रबरकडे, म्हणजे बाहेर पडणारा वायू धुणाऱ्या यंत्राकडे, जाणाऱ्या काचेच्या नळीमागे पांढरा कागद धरला. नळी चक्क पिवळट हिरवी! क्लोरीन आत जात होता आणि बराचसा तसाच बाहेर पडत होता. मी लगेच वायू बंद करायला लावला. द्रावणात न वापरलेला क्लोरीन साठला आणि त्यावर एकदम जोरदार उजेड पडला, तर रिअ‍ॅक्शन हाताबाहेर जाते.

पोराचा चेहरा पडला. "पण आकडा बरोबर आहे ना, मॅडम?"

"अरे, आकडा बरोबरच आहे. पण फोटॉनकडे पुरेशी ऊर्जा असून भागत नाही, रेणूने तो शोषायला हवा."

क्लोरीनचं शोषण 330 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त. 400 पर्यंत ते पार उतरतं आणि 470 ला जवळजवळ काहीच उरत नाही. टोल्युइनचा सी-एच (कार्बन-हायड्रोजन) बंध उजेडाने तोडायचाच नसतो. त्यातला हायड्रोजन क्लोरीनचा अणूच ओढून घेतो.

दुपारी दुसऱ्या लॅबमधून 365 चा दिवा मागून आणला. फ्लास्क पुन्हा नायट्रोजनने धुतला, क्लोरीन अगदी बारीक सोडला. थोड्याच वेळात कागदापुढची नळी बिनरंगी झाली, आणि स्क्रबर हायड्रोजन क्लोराइड घेऊन तापू लागला. जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, बेंझिल क्लोराइडचं टोक (पीक) दिसलं. सॅम्पल फ्यूम हूडमध्येच उघडलं, नाहीतर डोळ्यांतून धारा लागल्या असत्या.

संध्याकाळी खरेदीवाल्यांचा फोन: 365 महाग पडतो, 405 नाही का चालणार? ट्रेनीने शोषणाचा आलेख काढला आणि म्हणाला, "चालेल, पण दिवे बरेच जास्त लागतील." दोन्हींचे भाव मागवलेत.